कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर-सिस्टरांना विश्रांती का हवी?

‘मोठ्या दवाखान्यात रात्री कुणी धड बोलत नाही,’ ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानावर येते. सिस्टर खेकसल्या, डॉक्टरांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही, असे नातेवाईक सांगतात. ही तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु लोकांचे प्राण वाचवायचे म्हणून या पेशात आलेला माणूस असा का वागू लागतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

कॅज्युअल्टीतली एक रात्र डोळ्यांपुढे आणा. अपघातात बेशुद्ध झालेला तरुण, कीटकनाशक प्यालेला शेतकरी, साप चावलेले मूल, छातीत कळ आलेले आजोबा, हे सारे तासाभरात येऊ शकतात. प्रत्येकाबरोबर दहा-पंधरा माणसे. मध्येच पोलीस केसचे कागद. एक रुग्ण दगावला की घरच्यांना ते सांगायचे आणि लगेच पुढच्या खाटेकडे वळायचे. आयसीयूतला ताण वेगळा. तेथे यंत्रांचे अलार्म सारखे वाजत असतात आणि आठ-दहा दिवस जिवापाड जपलेला रुग्ण एके पहाटे हातचा जातो. रडायलाही सवड नसते.

असा ताण महिनोन्महिने चालू राहिला की जे होते त्याला बर्नआऊट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या अवस्थेवर लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची व्याख्या केली, तेव्हा तिला आजार म्हटले नाही; कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. हा फरक लक्षात घ्यावा. दोष त्या माणसाच्या मनापेक्षा कामाच्या मांडणीत शोधायचा आहे. याची लक्षणे तीन. अंगातले त्राण संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन कोरडे होणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. नातेवाइकांना जो माज वाटतो, तो पुष्कळदा यातले दुसरे लक्षण असतो.

‘त्यांना पगार मिळतो, आम्हाला काय त्याचे?’ असे कोणी विचारील. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की सलग २४ तास जागलेल्या माणसाची कामातली अचूकता, रक्तात ०.१० टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकाची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पोलीस ज्या अवस्थेत गाडी चालवू देणार नाहीत, त्या अवस्थेतल्या माणसाच्या हाती आपण सलाईन आणि इंजेक्शने देतो. २००४ मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयातील आयसीयूत शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्यांची तुलना आखूड पाळ्यांशी केली, तेव्हा लांब पाळ्यांत गंभीर चुका ३६ टक्के जास्त आढळल्या.

मात्र नुसते तास कमी करून भागत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतीलच सहा बाल-अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे पाळ्या आखूड केल्यावर चुका उलट वाढल्या, कारण एकेका डॉक्टरकडे जास्त रुग्ण आले होते. म्हणजे तासही कमी हवेत आणि माणसेही वाढायला हवीत. रिक्त जागा न भरता योग शिबिर घेणे म्हणजे उपाशी माणसाला पाचक चूर्ण देणे होय.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नसावे व आठवड्याला साधारण ४८ तास असावेत, असे म्हटले आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. जुन्या कागदावर ४८ आणि नव्या शिफारशीत ७४, यातच प्रत्यक्ष काय चालते ते समजावे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्यात ज्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, ती दीर्घ ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विसावली होती. आतून कडी लागेल अशी विश्रांतीची खोली प्रत्येक रुग्णालयात हवी, ही मागणी चैनीची नव्हे.

मारहाणीची भीती हाही या थकव्याचा मोठा वाटा आहे. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीत त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. महाराष्ट्रात यासाठी २०१० चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा मारहाणीनंतर येतो. ती टाळणे आपल्या हाती आहे.

म्हणून वाचकांना काही सूचना. रुग्णाबरोबर एक-दोन जाणती माणसे ठेवा, बाकीच्यांनी बाहेर थांबावे. विचारपूस एकानेच करावी आणि ‘डॉक्टर, केव्हा बोलता येईल?’ असे आधी विचारावे. चार दिवसांचा खोकला रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नेऊ नका, सकाळी ओपीडीत दाखवा. आणि रुग्ण घरी जाताना सिस्टरांना, वॉर्डबॉयला, मावशींना दोन शब्द बोला.

या विभागांत काम करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनाही सांगणे आहे. झोपेची गोळी स्वतःच लिहून घेऊ नका. सुट्टीच्या दिवशीही कामावर जाण्याच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही विनामूल्य बोलता येते.

आपल्या जिल्ह्यात नवी इमारत, नवे यंत्र आले की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. त्या यंत्रापाशी रात्री किती जण उभे असतात आणि ते शेवटचे कधी झोपले, हा प्रश्न रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आता लोकप्रतिनिधींनी विचारावा, आणि त्यांना तो आपण विचारावा.