यंत्राचा सातबारा

दिवाळीच्या सुट्टीत आमचा पुतण्या वसईला आला, की घरात तारा, स्क्रू आणि फराळाच्या बशा एकत्र नांदू लागतात. मोठ्यांचा अबोला तो पाळीत नाही. यंदा त्याने वाडीतल्या पंपावर एक छोटा संगणक बसवला. विहिरीतले पाणी कॅमेऱ्याने पाहून पंप चालवणारा. चार दिवस यंत्र नीट चालले. पाचव्या रात्री ते मूग गिळून बसले. सकाळी पाहतो तो केळीची आळी कोरडी!

"काका, सातबारा चुकला," तो म्हणाला.

मी चपापलो. सातबाऱ्यावरूनच थोरल्या बंधूंशी माझे बिनसलेले, आणि हा त्यांचा चिरंजीव! पण तो बोलत होता यंत्राबद्दल.

वाचकहो, मला उमगले ते असे. संगणक सुरू झाला, की कारभार 'कर्नल'कडे जातो. हा लष्करातला नव्हे. हा एक प्रोग्रॅम. मेमरीची जमीन साऱ्यांना वाटून देणे हे त्याचे काम. पण जमीन कुठून कुठवर आहे, हे त्याला ठाऊक नसते. स्वतः हिंडून पाहावे, तर तेही धोक्याचे. पत्त्यांच्या त्याच रांगेत यंत्राचे इतर भागही बसलेले असतात. तारेवरून आलेली अक्षरे जिथे साठतात, तिथे नुसते वाचले तरी पहिले अक्षर रांगेतून निघून जाते! म्हणून त्याला आधी उतारा द्यावा लागतो : अमुक पत्त्यापासून इतकी लांबी मोकळी, अमुक राखीव. सातबाऱ्यावर लागवडीचे क्षेत्र वेगळे आणि पोटखराबा वेगळा, तसेच. घरच्या मोठ्या संगणकात हा उतारा यंत्रातलाच मूळ प्रोग्रॅम देतो. अशा छोट्या यंत्रांसाठी तो बहुधा माणूस लिहितो. त्याला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. रीत जुनीच. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.त १०२४ किलोबाइट पत्त्यांपैकी ६४० वापरायला होते. वरचे ३८४ पडदा वगैरेंसाठी राखलेले.

पुतण्याच्या उताऱ्यात कॅमेऱ्याचा राखीव पट्टा मोकळा म्हणून लागला होता. काम थोडे होते तोवर कर्नल तिथवर पोचलाच नाही. काम वाढले, आणि एकाच जागी दोघांनी नांगर घातला.

"कमी दाखवली तर थोडी जमीन पडीक राहते, काका. जास्त दाखवली तर तंटा."

मी गप्प बसलो. आमच्या विहिरीलगतचा पट्टा वडिलांनी सामाईक ठेवला होता, पण तोंडी. कागदावर तो माझ्या हिश्श्यात लागला, आणि मी तिथे केळी लावली. तेव्हापासून सहा वर्षे भावाभावांत शब्द नाही.

"राखीव म्हणजे बेवारशी नव्हे," ओळ दुरुस्त करीत पुतण्या म्हणाला, "ती दुसऱ्या कुणाची तरी असते."

पंप सुरू झाला. पाडव्याला मी दादांकडे गेलो. खिशात तलाठ्याच्या नावे सामाईक नोंदीचा अर्ज. वहिनींनी चहा ठेवला. दादांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुठपासून ते लिहिलेस. लांबी लिहायची राहिली."