गीता विश्वासला किती गुण?



मध्यंतरी एका शिबिरात प्रसारमाध्यमांवर सत्र होते. व्याख्याते चळवळीशी सहानुभूती असलेले. विज्ञान-मालिकेचा एखादा भाग चांगला की वाईट हे कसे ठरवावे, असे मी विचारले. कल्पना नवी आहे का, विज्ञान बरोबर आहे का, तंत्र सफाईदार आहे का, एवढे पाहावे, असे उत्तर मिळाले. वर, 'त्यात बाईचा प्रश्न उगाच आणू नका ताई, करमणूक आहे.' आपल्यातल्याही काहीजणी हसल्या. मला हे मान्य नाही.

पिंपळनेरला किशोरींच्या गटात आम्ही 'शक्तिमान'चे जुने भाग पाहतो. दूरदर्शनवर १९९७ ते २००५ ही मालिका चालली, २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली गेली. लहानपणी मी ती शेजाऱ्यांच्या ओट्यावरून पाहिली, आणि आवडीने. खोटे कशाला बोलू? आम्ही अंगणात गरगर फिरायचो. पण शक्तिमान व्हायचा कुणाचा तरी भाऊच. आमच्या वाट्याला गीता विश्वास.

गीता पत्रकार आहे, 'आज की आवाज'मध्ये. धाडसाने बातमीच्या मागे जाते आणि संकटात सापडून हाका मारते. परवा गटातली एक मुलगी पटकन म्हणाली, ''ती इतली कसाले वरडस? तिना हातमा कॅमेरा शे, मंग फोटो काढ ना!''

ही समीक्षाच आहे. लेखकाने पात्राला एक कसब दिले आणि नायकाच्या प्रवेशासाठी ते ऐनवेळी काढून घेतले. ही कथेच्या घडणीतलीच खोट आहे. बाईचा प्रश्न आम्ही बाहेरून आणत नाही. तो आत आहे, कच्चा टाका राहावा तसा.

मालिका सुरू झाली सप्टेंबर १९९७ मध्ये. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला कर्नालची कल्पना चावला 'कोलंबिया' यानातून अंतराळात गेली. म्हणजे 'उद्या'चे जग रंगवणारे आजच्याही मागे! पुढच्याच वर्षी आलेली 'कॅप्टन व्योम' तर थेट भविष्यातल्या अंतराळात घडते. तिथेही कॅप्टन पुरुषच.

आता आपल्यातल्या काहीजणींशी भांडण. बायका किती, त्या एकमेकींशी बोलतात का, असे मोजून आपण मोकळ्या होतो. अमेरिकेच्या ॲलिसन बेक्डेलने १९८५ मध्ये एका व्यंगचित्रात अशी कसोटी मांडली. ती उपयोगी आहे, पण पुरी नाही. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या मालिकेचा जून १९६९ मधला शेवटचा भाग घ्या. डॉ. जॅनिस लेस्टर म्हणते, तुमच्या जगात बाईला कॅप्टन होता येत नाही. तक्रार सोळा आणे खरी. मग लेखक काय करतो? तिला कॅप्टनच्या शरीरात शिरायला लावतो, हुकूमत हाती येताच भ्रमिष्ट ठरवतो. बाईला वाव भरपूर, तरी मी या भागाला नापास करते. याच मालिकेच्या पहिल्या नमुना-भागात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. वाहिनीने तो भाग नाकारला आणि ते पात्रही गेले. मुख्य भूमिकेत बाई कॅप्टन यायला १९९५ साल उजाडले, कॅथरिन जेनवेच्या रूपाने.

कॅमेऱ्याबद्दल बोलली ती मुलगी यंदा दहावी झाली. तिला सायन्स घ्यायचे आहे. घरचे म्हणतात, प्रात्यक्षिकांना उशीर होतो, शेवटची एस.टी. चुकेल, आर्ट्स घे. आमच्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तिथे काम करणारी बाई तिने पाहिलेली नाही. मालिका पाहून एस.टी. थांबत नाही, हे मलाही कळते. बससाठी आम्ही अर्ज दिला आहे. पण 'मुलीला सायन्स कशाला' हे तिच्या वडिलांना कुणी व्याख्यान देऊन शिकवलेले नाही. ते असेच करमणुकीतून, ओट्यावर बसून शिकले जाते. मीही तिथेच बसले होते.

मुलींनी आता स्वतःचा गुणतक्ता केला आहे. विज्ञानाला तीन, गोष्टीला तीन, आणि 'बाईला काय येते व ते तिला करू दिले का' याला चार. परवाच्या भागात डॉ. जैकालची प्रयोगशाळा सगळ्यांना आवडली, तिथे गुण मिळाले. शेवटच्या रकान्यात त्या मुलीने शून्य लिहिले, खोडले, अर्धा गुण दिला. ''कॅमेरा तरी होता ना, ताई,'' म्हणाली.