पंचांची फळीही घडवा

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना थांबला. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. अशा वेळी गुण ठरवताना जुना नियम लावायचा की नवा, यावर जवळपास तासभर खल झाला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला; पण आशियाई सुवर्णपदकही पंचांच्या नियमज्ञानावर अवलंबून असते, हे जगाने पाहिले.

आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरी, चिखलीच्या मैदानांवर तर चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची सोय नसते. म्हणूनच तिथला पंच पंचपरीक्षा देऊन आलेला हवा. कबड्डीच्या एका सामन्याला सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. ही माणसे आणायची कुठून? चाकण-भोसरीच्या कारखान्यांत तिशीत खेळ सुटलेले कितीतरी कबड्डीपटू आहेत. खेळ त्यांच्या अंगात मुरलेला आहे. त्यांना हवी नियमांची उजळणी आणि परीक्षेची वाट. त्यांची खरी अडचण पाळीची आहे. दुसऱ्या पाळीतला कामगार संध्याकाळच्या वर्गाला येणार कसा?

महापालिकेने जिल्हा कबड्डी संघटनेला सोबत घेऊन सुट्टीच्या दिवशी पंचवर्ग भरवावेत, कंपन्यांनी परीक्षेपुरती पाळी बदलून द्यावी. आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी बक्षिसांची रक्कम जाहीर करताना पंचांचे मानधनही त्याच पत्रकात छापावे.