सत्काराचा नारळ आणि नंतर

आमच्या मराठवाड्यात निकाल लागला की शालींना भाव येतो. नांदेड असो की लातूर, ज्या त्या समाजाचे मंडळ गुणवंतांचा मेळावा भरवते, पुढाऱ्याच्या हस्ते शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतो आणि मंडळी जेवायला बसतात. माझी तक्रार जेवणाबद्दल मुळीच नाही. तक्रार अशी की, त्या पोरीचे पुढे काय झाले हे मंडळात पुन्हा कोणी विचारीत नाही.

दारापर्यंत पोचवण्याची विद्या आम्हांला चांगली अवगत आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर गाजले, आज उद्योग भवनाच्या परिसरात खेड्यापाड्यांतली पोरे प्रश्नपत्रिका सोडवून सोडवून डोळे लाल करून घेतात. पण दाराच्या आत काय? ज्याचा बाप वकील, त्याला पहिले अशील बापाच्या बैठकीतच भेटते. वस्तीवरून आलेल्या पहिल्या मुलीला सनद मिळते, काळा कोट मिळतो, आणि मग कोर्टाच्या आवारात कोणाच्या टेबलाशी बसायचे या विवंचनेत ती उभी राहते. कायदा तिला येतो. फी कोणत्या तोंडाने मागावी आणि कारकुनाशी कसे बोलावे, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

यावर शहाणी मंडळी म्हणतात, “गुण असेल तर माणूस आपोआप वर येतो.” वा! कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या व ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन डॉ. आंबेडकर १९२३ साली मुंबईत वकिलीला उभे राहिले, तेव्हा सॉलिसिटर मंडळी त्यांना काम देईनात. याहून अधिक गुण आता कोणी, कोठून आणायचे? एकट्याच्या कर्तृत्वावर विसंबायचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? तरी त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढलीच.

दाखला आमच्या मातीतही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे घरे दुरुस्त करण्याच्या सरकारी कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. ज्यांनी कधी इंजिनिअरसमोर तोंड उघडले नव्हते, त्या भिंत भूकंपाला कशी टिकेल हे त्याला विचारू लागल्या आणि घरोघर सांगू लागल्या. ही विद्या एकीपाशी राहिली नाही, मंडळात मुरली. २००१ साली कच्छ हादरले, तेव्हा यांतल्याच काही जणी गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

म्हणजे जे अल्पशिक्षित बायकांना साधले, ते आमच्या पदवीधरांना साधत नाही! प्रत्येक जातीने आपापल्या पोरांपुरती सावली धरावी, असेही मी म्हणत नाही. तसल्या छत्र्या आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्या जातीत एकही वकील नाही ते भिजतातच. ज्या नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, तिथल्या वकील-डॉक्टरांना एकत्र येऊन दरसाल दहा-वीस नवख्यांची जबाबदारी वाटून घेणे जड जाऊ नये.

या दिवाळीत फराळाला येणाऱ्या प्रत्येक वकील-डॉक्टर पाहुण्याला मी विचारणार आहे : तुमच्या जातीची नसलेली कोणती मुलगी सध्या तुमच्या हाताखाली शिकते आहे? चिवडा त्यानंतर वाढीन.