राजीच्या जगात माणसे कुठे आहेत?

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी सुचवलेला विषय मी नाकारला होता. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या व्हिडिओ गेममध्ये पुराणकथेचे काय होते, असा काहीसा तो विषय होता. "हा साहित्याचा विषय नव्हे," एवढेच मी म्हणाले आणि त्याने मुकाट्याने एका ग्रामीण कथाकाराच्या कथांतील स्त्रीप्रतिमा हा विषय घेतला. (त्या विषयावरचे किमान अर्धा डझन प्रकल्प आमच्या विभागाच्या कपाटात अगोदरच पडून होते.) मी तो खेळ त्या वेळी पाहिलासुद्धा नव्हता. पुस्तक न वाचता मत देणाऱ्या समीक्षकांविषयी मी वर्गात जे बोलत असते, ते आठवून पुढे मला बरीच शरम वाटली. गेल्या उन्हाळ्यात बोरिवलीला बहिणीकडे राहायला गेले असताना भाच्याकडून तो खेळ शिकले आणि अडखळत का होईना, शेवटपर्यंत खेळले. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिराने दिलेले उत्तर आहे. विषय साहित्याचाच होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी पुण्यात स्थापन केलेल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने तो तयार केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर आला. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. कथा साधी आहे. राजी आणि गोलू ही जत्रेत खेळ करून पोट भरणारी अनाथ बहीण-भावंडे. महाबळासुराचे राक्षस हल्ला करतात, गोलूला पळवून नेतात आणि राजी त्याच्या शोधात निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिला मिळतो, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते. चार-पाच तासांत खेळ संपतो.

नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या आरंभकाळात 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती दाखवल्या, हे आपल्याला पाठ असते. 'राजी' उघडच 'मुक्तामाला'च्या घरातली. सद्गुणी नायिका, वियोग, संकटांवर संकटे आणि अद्भुताची रेलचेल. या घराला आपण समीक्षकांनी फारसा मान कधी दिला नाही. तसा माझाही पूर्वग्रह होता, आणि खेळाच्या पहिल्या अर्ध्या तासातच तो ढिला झाला.

त्याचे कारण राजीचे शरीर. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गरकन फिरते, उलटी उडी मारून राक्षसाच्या पाठीमागे उतरते. या हालचाली दैवी कृपेने आलेल्या नाहीत, तो तिचा धंदा आहे. आपल्याकडे जिला डोंबाऱ्याची मुलगी म्हणतात, जी दोरीवरून चालते आणि खाली थाळी फिरते, तिचेच कसब इथे युद्धकौशल्य होते. त्रिशूळ देवीने दिला, पण तो पेलायचा कसा हे राजी जत्रेतूनच शिकून आली आहे. 'उपरा' (१९८०) आणि 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट सहजासहजी नजरेआड करता येत नाही. भटक्या कलावंतांचे जिणे मराठी साहित्याने दुःखाच्या अंगाने पाहिले, आणि ते योग्यच होते. मात्र त्यांच्या अंगातल्या कौशल्याचा आनंद वाचकाच्या अंगात उतरावा, हे शब्दांना क्वचित साधते. इथे उडी चुकली की आपलाच अंगठा चुकलेला असतो. भाचा हसायचा, मी पुन्हा उडी मारायचे.

दुसरे बलस्थान म्हणजे भित्तिचित्रे. वाटेत ठिकठिकाणी दुर्गेच्या आणि विष्णूच्या कथांची चित्रे दिसतात. त्यांची रंगरेषा पहाडी शैलीकडून आलेली आहे. राजी चित्रासमोर उभी राहिली की आवाज ती कथा सांगू लागतो. मला एकदम पिंगुळी आठवली. कुडाळ तालुक्यातल्या या गावच्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. पोथीतले एकेक चित्र समोर धरायचे, वाद्याच्या साथीने कथा गायची, मग पुढचे चित्र. श्रोत्याची नजर चित्रावर आणि कान कथेवर. 'राजी'तली चित्रे नेमके हेच करतात, फक्त इथे चित्र जागेवर राहते आणि श्रोता चालत त्याच्याकडे येतो. याच ठाकरांकडे कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत, आणि त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. 'राजी'च्या कर्त्यांनी मात्र कथेचे दुवे जोडण्यासाठी छायाबाहुल्यांची शैली बाली बेटावरून घेतली. पुण्याहून बाली दूर, पिंगुळी जवळ. कलावंताने प्रेरणा कुठूनही घ्यावी, त्याला माझी हरकत नाही. बालीच्या बाहुल्या देखण्याही आहेत. पण हे वळसे आपण का घेतो, हा प्रश्न मनात राहिलाच.

आता उणिवांकडे वळते. मारामारीत कॅमेरा फार दूर असतो, हालचाल कधी जड होते, शेवट अचानक तुटतो. या तक्रारी खेळाडूंनी तेव्हाच केल्या आणि त्या खऱ्या आहेत, पण त्यात वेळ घालवत नाही. माझी मुख्य तक्रार निवेदनाविषयी आहे.

ही सारी कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांना सांगतात. राजी चालत असते आणि वरून दोघे बोलत असतात: ती आता काय करील, तिला हे जमेल का, या जागेचा इतिहास काय. हे आवाज २०२० मध्ये इंग्रजीत होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदीत आले. माझे दुखणे भाषेचे नाही. देवांनी वरून माणसाकडे पाहणे आपल्याला परके नाही. श्रावणातल्या कहाण्यांत शंकर-पार्वती विमानातून जात असतात, खाली कुणीतरी दुःखात दिसते, पार्वती थांबते. पण कहाणीत ती दोघे खाली उतरतात. म्हातारीचे, भिकाऱ्याचे रूप घेऊन दाराशी येतात, आणि मग माणसाने त्यांच्याशी कसे वागावे यावर कहाणी उभी राहते. 'राजी'तले देव शस्त्रे देतात आणि समालोचन करतात. ते तिच्याविषयी बोलतात, तिच्याशी फार थोडे. राजीच्या स्वतःच्या तोंडी इतकी कमी वाक्ये आहेत की, जिच्या अंगठ्याने मी पाच तास उड्या मारल्या, तिला भूक कशी लागते हेसुद्धा मला कळले नाही.

आणि दुसरे कुणी भेटतही नाही. राजवाडे भव्य आहेत, कमळांनी भरलेली तळी आहेत, राजस्थानी वळणाचे किल्ले आहेत. पण पाणी भरणारी बाई नाही, पुजारी नाही, गुराखी नाही. वाट एकच, पुढे जाणारी. डावीकडच्या दाराआड काय आहे हे पाहायला जावे, तर ते दार म्हणजे रंगवलेला पडदा.

इथे भाचा म्हणाला, "मावशी, तुला ओपन वर्ल्ड हवंय." ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळे जग: खेळाडूने वाट्टेल तिकडे भटकावे, कथा आपणहून भेटावी. त्याने मला 'द विचर ३' दाखवला. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाची पहिली 'विचर' कथा १९८६ मध्ये एका मासिकात आली, आणि त्या कथा-कादंबऱ्यांच्या आधारे वॉर्साच्या 'सीडी प्रोजेक्ट रेड'ने हा खेळ २०१५ मध्ये केला. शेकडो माणसांचे काम आणि प्रचंड पैसा. तेव्हा पुण्याच्या मूठभर माणसांच्या खेळाशी त्याची थेट तुलना अन्यायाची ठरेल. मी आकाराची तुलना करत नाही. अद्भुत कुठून घ्यायचे, एवढाच मुद्दा आहे.

त्यात वेलेन नावाचा युद्धाने उजाड झालेला, दलदलीचा प्रदेश आहे. तिथला सरदार दारुडा, बायकोला मारणारा. त्याच्या मारहाणीत बायकोचा गर्भ पडला, आणि विधी न करता, नावही न ठेवता पुरलेले ते मूल पिशाच्च होऊन हिंडते आहे. नायकापुढे दोन मार्ग असतात: त्याला मारायचे, नाहीतर बापाने ते कुशीत धरून घरापर्यंत आणायचे, त्याला नाव द्यायचे आणि उंबऱ्याखाली पुरायचे. मी दुसरा मार्ग घेतला. तो दारुडा अंधारात ते भेसूर अर्भक छातीशी धरून चालतो, तो प्रसंग मी विसरलेले नाही. ही कल्पना स्लाव लोककथांतून आलेली आहे. त्यात मोठा देव एकही नाही. आहे ते घरातले पाप, आणि त्याला आकार देणारी गावाची भीती.

आपल्याकडे अशा भीतीची वाण आहे का? बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते असे मानणारा समाज त्या बाईविषयी आणि तिच्या सासरविषयी काहीतरी कबूल करत असतो. मुंज झालेला, लग्नाआधी मेलेला मुंजा पिंपळावर बसतो. वेतळाची पालखी निघते. 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटाने कोकणातले हे भांडवल वापरले आणि तो चाललाही. 'राजी'ने मात्र पुराणांचा राजमार्ग धरला. राजमार्गावर असुर हा असुरच राहतो. महाबळासुर हे नाव ऐकताच बलिप्रतिपदेला बळीचे राज्य मागणाऱ्या, 'गुलामगिरी' (१८७३) वाचलेल्या माणसाच्या मनात जी शंका उभी राहते, ती खेळाच्या मनात येत नाही.

अर्थात मोकळ्या जगाचाही एक मोठा दोष आहे, आणि 'विचर'मध्ये तो ढळढळीत दिसतो. कथा सांगते की नायकाच्या मानसकन्येचा जीव धोक्यात आहे, धाव. आणि नायक खेडोपाडी पत्ते खेळत बसतो. नकाशावर प्रश्नचिन्हांचा सडा पडलेला असतो, ती एकेक करून पुसायची. समुद्रावर तर पेट्या गोळा करण्याचे कारकुनी काम आहे. कथेला घाई आणि नायकाला फुरसत, हा सांधा काही जुळत नाही. याबाबतीत 'राजी'ची अरुंद वाट प्रामाणिक वाटते. बहीण भावाला शोधते आहे, तेव्हा ती इकडेतिकडे जाणार नाही.

हा सांधा नसलेले एक मोकळे जग मात्र मराठीला फार पूर्वीपासून माहीत आहे. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या भटकंतीला कथानकाची निकड नाही. ते आज या गावी, उद्या त्या मठात, आणि जिथे जातील तिथे काहीतरी घडते, कुणीतरी भेटते. 'स्थानपोथी'ने तर कथा बाजूला ठेवून केवळ जागा नोंदवल्या: कुठल्या गावी कुठले देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, तिथे लीळा कुठे झाली. हा नकाशा वाचताना प्रत्येक खुणेमागे एक माणूस उभा असतो, तेली, गुराखी, म्हातारी. प्रश्नचिन्हे पुसायची नसतात. पुढचा खेळ करणाऱ्या कुणी हे दोन ग्रंथ चाळावेत, असे मला अगदी गंभीरपणे वाटते.

खेळ संपल्यावर एका रविवारी भाच्याला घेऊन मी मंडपेश्वरला गेले. बोरिवलीत वाढून त्याने ती लेणी पाहिलेली नव्हती. सहाव्या शतकाच्या आसपासचे हे शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचे प्रार्थनास्थळ केले, वरती इमारत बांधली, तिचे भग्न अवशेष आज लेण्याच्या डोक्यावर उभे आहेत. आत नाचणारा शिव आहे आणि बाहेर खडकात कोरलेला क्रॉसही आहे. तिथून कान्हेरीचे जंगल फार लांब नाही, आणि त्या जंगलातल्या वारली पाड्यांवर वाघोबा पुजला जातो, कारण बिबटे खरोखरच येतात.

भाचा बराच वेळ क्रॉससमोर उभा होता. फुले घेऊन आलेल्या एका म्हातारीला त्याने विचारले, हे कुणी केले? तिने लेणे पांडवांच्या नावावर घातले. एका रात्रीत खोदत होते, कोंबडा आरवला आणि राहून गेले. "आणि हा क्रॉस?" तिने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिले. तो नंतर आला, म्हणाली, आणि आता इथलाच आहे. मग तिने त्याच्या हातात एक फूल दिले आणि आत जाऊन ठेवायला सांगितले, तिचे गुडघे दुखत होते.