हातमोजे मागणे पाप नव्हे



आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊन दूरच्या शहरांतील इस्पितळांत सेवा करीत आहेत. त्यांपैकी काहींची नेमणूक कर्करोगाच्या कक्षात होते. मुलीला रात्रपाळी असते, तिच्या जेवणाची आबाळ होते, एवढे आईबापांस ठाऊक असते. परंतु तिच्या हातातील औषध तिलाही अपाय करू शकते, याची कल्पना फार थोड्यांस असते.

कर्करोगावरील पुष्कळ औषधे मुळात विषेच होत. पहिल्या महायुद्धातील मोहरी-वायूच्या कुळातल्या एका द्रव्याने १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात या चिकित्सेचा आरंभ झाला. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हा या औषधांचा धर्म. ती पेशी कर्करोगाची की गर्भातील बालकाची, हा विवेक त्यांच्यापाशी नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी काही औषधे तर स्वतःच कर्करोगास कारण होऊ शकतात. रुग्णापुढे मृत्यू उभा असतो, म्हणून तो हा धोका पत्करतो. औषध देणारीच्या वाट्यास मात्र लाभ काहीच नाही.

ही शंका १९७९ साली फिनलंडमध्ये खरी ठरू लागली. अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात आनुवंशिक द्रव्यात बिघाड घडविणारा अंश अधिक आढळला. १९८५ साली त्याच देशातील परिचारिकांच्या पाहणीत, गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत या औषधांशी संबंध आणि गर्भपात यांचा दुवा दिसून आला. बाटलीतून सुई काढताना उडणारे अदृश्य तुषार श्वासावाटे आत जातात. सांडलेला थेंब त्वचेतून शिरतो. गंमत अशी, की औषधात जंतू शिरू नयेत म्हणून पूर्वी ज्या पेट्यांत ते तयार करीत, त्यांतील स्वच्छ वारा औषधावरून थेट काम करणाऱ्याच्याच तोंडावर येई! औषधाची एवढी काळजी, माणसाची मात्र नाही. पुढे वारा वरून खाली सोडणाऱ्या पेट्या आल्या. आज हातमोज्यांचे दोन जोड, अंगरखा आणि बंद नळ्यांची साधने हा नियम मानला जातो. गर्भवती परिचारिकेस दुसरे काम द्यावे, असाही सल्ला असतो. रुग्णाचे भांडे रिकामे करणाऱ्या सफाई कामगारासही हेच संरक्षण हवे. पण त्याची आठवण सर्वांत शेवटी होते.

आपल्या मुली मात्र हे मागावयास संकोचतात. मागितले तर सेवाभाव कमी पडला असे कोणी म्हणेल, ही भीती. ही समजूत ख्रिस्ती नव्हे. १८८३ साली मदर मॅरिअॅन कोप सहा धर्मभगिनींसह हवाई बेटांत कुष्ठरोग्यांच्या सेवेस गेल्या. हात धुण्याबाबत त्यांचा नियम अतिशय कडक होता. त्यांच्या भगिनींपैकी एकीलाही कुष्ठ जडले नाही. ख्रिस्तसभेने २०१२ साली त्यांस संतपद दिले. त्यांची सेवा कमी प्रतीची होती असे कोण म्हणेल? आईबापांनी मुलीच्या पत्रास वा दूरध्वनीस उत्तर देताना पगाराबरोबर हातमोज्यांचीही चौकशी करावी.

आता घरची गोष्ट. कर्करोगाच्या गोळ्या आज घरीही दिल्या जातात. त्या कुटू नयेत, तोडू नयेत, उघड्या हाताने घेऊ नयेत. सांधेदुखीवर आठवड्यातून एकदा घेतली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळीही याच जातीची आहे. औषध दिल्यानंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या मलमूत्रातून व वांतीतून ते बाहेर पडत असते; तेव्हा ते साफ करताना हातमोजे घालावेत, डागाळलेले कपडे इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत व नंतर साबणाने हात स्वच्छ करावेत. आपल्याकडे असले धुणे बहुधा धाकट्या सुनेकडे येते. ती गर्भवती असेल अथवा मूल अंगावर पीत असेल, तर ते तिला मुळीच सांगू नये. घरातील पुरुषाने हातमोजे चढवून ते धुतले, तर त्याच्या प्रतिष्ठेस काही बाध येत नाही.