तावर्घाची माणसे ‘नागरिक’ नव्हती काय?

१७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने लिबियाबाबत ठराव क्रमांक १९७३ संमत केला. हेतू काय, तर नागरिकांचे रक्षण. भारत तटस्थ राहिला. नाटोची विमाने मात्र रक्षणावर थांबली नाहीत, राजवट पाडूनच परतली. वकिलाच्या भाषेत हे सरळसरळ अधिकारातिक्रमण! गद्दाफी हुकूमशहा होता. त्याच्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण त्याच्या फौजेने मिस्राता शहरावर तावर्घातून हल्ले केले, म्हणून ऑगस्टमध्ये मिस्राताच्या टोळ्यांनी काळ्या लिबियनांचे हे सुमारे ४०,००० वस्तीचे अख्खे गाव उठवले, घरे जाळली. गुलामांचे वंशज म्हणून हिणवलेली ही माणसे. एकाच्या नावावर सगळ्या वस्तीला शिक्षा कशी होते, हे आपल्याला कोणी समजावायला नको. नाटोची विमाने ३१ ऑक्टोबरपर्यंत त्याच आकाशात होती.